सात वेढे

“मशीन बसवावं लागेल बहुतेक,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि क्षणभर अजितला वाटलं, त्या दवाखान्याच्याच कुठल्यातरी मशीनविषयी बोलताहेत.

त्या आबांच्या काळजाविषयी बोलत होत्या. सकाळी सातच्या सुमाराला तात्याबा, म्हणजे घरादाराचे आबा, तोंड धुऊन न्हाणीतून बाहेर येताना दारातच खाली बसले ते उठलेच नाहीत. अंग गार, ओठ पांढरे. हाक मारली की डोळे उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. अजितने बापाला उचलून गाडीत घातलं, फुलाआत्याने भावाचं डोकं मांडीवर घेतलं, आणि कालव्याकाठच्या वस्तीपासून बारामतीपर्यंत अजितने हॉर्नवरचा हात काढला नाही. बापाला उचलायची त्याच्यावर ही पहिलीच वेळ. साठ मेंढरं एका हाकेत वळवणारा माणूस हाताला इतका हलका लागला, याचंच त्याला जास्त भय वाटलं.

“नाडी मिनिटाला अडतीस पडतेय,” बाई सांगत होत्या. “रक्तदाब ऐंशीवर आलाय. इंजेक्शन दिलं की नाडी जरा वर येते, पुन्हा घसरते. पेसमेकर म्हणतात ना, तो बसवायचा झाला तर पुण्याला हलवावं लागेल. ॲम्ब्युलन्स सांगते. तुम्ही इथे सही करा.”

“सांगा, सांगा.”

“मीच दिलेल्या दाबाच्या गोळ्या चालू आहेत हे कागदावर दिसतंय. त्याशिवाय काही घेत होते? काढा, चूर्ण, झाडपाला?”

“काय न्हाय बगा. गोळ्यांची डबी मी सोता भरतो, दर रविवारी.”

“नक्की?”

“आवो, बाप हाय माझा. मला म्हाईत नसंल तर कुणाला?”

हे वाक्य त्याला पुढे संध्याकाळपर्यंत टोचणार होतं. पण तेव्हा त्याच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. पौषात त्याने मेंढरं विकली होती. आबांना विचारूनच विकली. आबा म्हणाले होते, “ईक. राखायला हाय कोण?” मग माघात धाकट्या विशालचं लग्न निघालं, आणि मांडवाला जागा हवी म्हणून अजितने मेंढरं कोंडायचं वाडगंही मोडून जमीन सपाट केली. आबा तेव्हाही काही बोलले नाहीत. लग्न झालं, पाहुणे गेले आणि आबा जे गप्प झाले ते झालेच. जेवताना ताटात बोट फिरवत बसायचे. काही विचारलं तर म्हणायचे, “माझं काय आता.” गेल्या पंधरवड्यात तर अजित त्यांच्यासमोर बसायचंच टाळत होता. बाप तोंडाने बोलत नाही, पण वाडगं मोडल्याचा राग असा बाहेर काढतोय, हे त्याने मनाशी पक्कं करून टाकलं होतं. आणि आज ही वेळ. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, डॉक्टरीणबाईंनी काळीज म्हटलं की त्याला ते आपणच मोडलं असं ऐकू येत होतं.

त्याने खिशातून पेन काढलं. ते लिहीना. तो दुसरं मागायला काउंटरकडे गेला.

बाहेर बाकड्यावर फुलाबाई बसली होती. तात्याबाची थोरली बहीण, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. तिशीत कुंकू पुसलं गेलं तेव्हापासून भावाच्याच घरी. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, त्यामुळे जग तिला अर्धं स्वच्छ आणि अर्धं धुरकट दिसे. तिच्या एका बाजूला थोरली सून अनिता आणि दुसऱ्या बाजूला धाकटी सून प्रतिक्षा. अनिता मागून प्रतिक्षाला घेऊन मोटारसायकलवर आली होती. विशाल डाळिंबाची गाडी घेऊन वाशीच्या मार्केटला गेलेला. त्यामुळे लग्नाला अडीचच महिने झालेली ती नवी नवरी आज सासरच्या माणसांत एकटीच होती.

“आत्याबाई,” प्रतिक्षा कानाशी लागून म्हणाली, “सांगूया का?”

“काय सांगायचं?”

“मुळीचं.”

“गप.” फुलाबाईने तिचा हात दाबला. “बिरोबाची आण घातलीया ना तुला? मुळीनं काय व्हत न्हाय.”

आणि ती हे खोटं बोलत नव्हती. तिचा तसा खरोखर विश्वास होता. लहानपणी दिवाळी झाली की त्यांचं बिऱ्हाड मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि शिमगा झाला की वर यायचं. तिथल्या रानात तिची आई सर्पगंधेची मुळी खणायची, वाळवायची आणि घोड्यावरच्या बोचक्यात बांधून वर आणायची. कुणाचं डोकं फिरलं, कुणाला झोप लागेना, कुणाचा रडण्याचा उमाळा थांबेना, की आई सहाण घ्यायची. सहाण म्हणजे नदीतला एक चपटा दगड, कुणास ठाऊक किती पिढ्यांचा. मुळी पाण्यात बुडवायची आणि सहाणेवर गोल गोल उगाळायची. एक फेरा म्हणजे एक वेढा. मोठ्या माणसाला सात. कमी नाही, जास्त नाही. फुलाबाईचा नवरा गेला तेव्हा आईने तिला स्वतःला सात वेढे दिले होते आणि तेवढ्यावर ती चार रात्री झोपली होती.

मेंढरं गेली तेव्हा तात्याबाची झोपही त्यांच्याबरोबर गेली. पडल्या पडल्या तो मेंढरं खोकल्याचा आवाज ऐकायचा, आणि मेंढरं तर नव्हती. एक दिवस तो आपणहून बहिणीजवळ येऊन बसला. “फुले, आईची ती मुळी हाय का गं?” होती. कोकणात उतरणाऱ्या एका भाच्याकडून ती अजून आणवत असे. “पण अजितला सांगू नगस,” तात्याबा म्हणाला. “त्यानं बारामतीचा डॉक्टर दावला, गोळ्या आणल्या. त्याला वाटंल, आबाचा इस्वास न्हाय. आधीच मेंढरांपायी मनाला लावून घेतलंय त्यानं.”

लेकाला वाईट वाटू नये म्हणून बाप लपवतो, बापाचं मन दुखलं म्हणून लेक तोंड चुकवतो, आणि घर म्हणतं दोघांत बिनसलंय. घरोघरी मातीच्या चुली.

लग्नाच्या गडबडीत फुलाबाईच्या हाताला कंप सुटला आणि उगाळणं थांबलं, तेव्हा तिने हे काम नव्या सुनेकडे दिलं. आधी आण घातली, मग ओटीवर बसूनच तळहातावर बोट फिरवून वेढे शिकवले. पोरगी गुणाची निघाली. रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की न चुकता वाटी हातात. फुलाबाई ओटीवर बसून विचारायची, “किती?” आतून उत्तर यायचं, “सात.”

मग आज हे कशाने झालं असेल? मुळीने नाही. पण मुळीने नाही, तर हाताला घाम का सुटलाय, ते तिला कळेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून तिने मूठ अजून घट्ट केली. त्या मुठीत प्रतिक्षाचा हात होता, हे तिच्या ध्यानात नव्हतं.

“काय कुजबुज चाललीया?” अनिताने विचारलं.

“काय न्हाय,” दोघी एकदम म्हणाल्या. आणि त्यामुळेच अनिताला समजलं की काहीतरी आहे.

चाकांचा आवाज करत स्ट्रेचर आलं. अजितला पेन मिळालं होतं. डॉक्टरीणबाई कागदावर बोट ठेवून त्याला जागा दाखवत होत्या.

प्रतिक्षा उठली. मोरगावाकडच्या कोरडवाहू रानात वाढलेली पोर ती, मोठ्यांसमोर तोंड उघडायची तिला सवय नव्हती. लग्नात उखाणा घेतानासुद्धा तिला पाणी मागावं लागलं होतं. पण काल संध्याकाळी आबांनी वाटी परत देताना तिला म्हटलं होतं, “पोरी, तुझ्या हातची मुळी लई गाढ झोप देती. सकाळी उठावंच वाटत न्हाय.” काल तिला ते कौतुक वाटलं होतं. आज सकाळपासून तेच वाक्य ती मनात घोळवत होती.

“मॅडम, थांबा जरा,” ती म्हणाली. “आबा मुळी घेत्यात. सर्पगंधेची. मीच देते रोज.”

अजितचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

“प्रतिक्षा!” फुलाबाई म्हणाली. “आण घातली व्हती तुला!”

“लागू दे आण मला. आबा उठू देत.”

डॉक्टरीणबाईंनी अजितच्या हातातून कागद काढून घेतला. “किती दिवस?”

“मी देते त्याला दोन महिने झालं. त्याच्या आधी आत्याबाई देत व्हत्या.”

“केवढी? चमचा किती?”

“सात वेढे.”

“वेढे म्हणजे किती ग्रॅम?”

प्रतिक्षाने हवेत बोट गोल फिरवून दाखवलं. बाईंनी पुढचं विचारलं. “नाक चोंदतं त्यांचं?”

“सारखंच,” अनिता म्हणाली. “आमाला वाटलं, डाळिंबाच्या फवारणीनं.”

“वाईट स्वप्नं?”

“वरडत उठत्यात कदीकदी.”

“आणि मन? उदास असतात? गप्प? रडू येतं?”

अनिताने नवऱ्याकडे पाहिलं. अजित भिंतीला टेकला होता.

“व्हय,” तो म्हणाला. “दोन महिने.”

“हे सगळं त्या मुळीनेही होऊ शकतं,” बाई म्हणाल्या. “मुळी खोटी नाही हो. खरी आहे म्हणूनच तर धोका. रक्तदाब खरोखर खाली आणते. मात्रा जास्त झाली तर नाडी मंद करते, माणसाला उदास करते. जिवावर उठण्याइतकं उदास झालेलीही माणसं असतात. आणि मी दिलेली गोळीही नाडी मंदच करते. दोन्ही एका वेळी म्हणजे काय झालं असेल, बघा. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर गोळी बदलली असती.”

अजितच्या ओठांवर आपलंच मघाचं वाक्य आलं आणि त्याने ते गिळलं.

बाईंनी पुण्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. पाच मिनिटं बोलून त्या परत आल्या. “गोळी आणि मुळी, दोन्ही बंद. सलाईन, इंजेक्शन चालू. ॲम्ब्युलन्स दारात उभी राहू द्या. नाडी वर येत राहिली तर मशीन लागणार नाही. नाही आली तर लगेच निघायचं. आणि ती मुळी मला बघायचीय. उगाळता कशावर, किती, सगळं.”

अनिताने प्रतिक्षाला जागा विचारून नणंदेला फोन लावला. मोना इंदापुरात दिलेली. बातमी कळल्यावर ती निघालीच होती. “मोनाताई, वाटंत वस्तीवर थांबा. ओट्यावर सहाण हाय, तिच्याशेजारी डबीत मुळी हाय. दोन्ही घिऊन या.”

मोना साडेदहाला आली. येताना तिला फोनवर अर्धी गोष्ट कळली होती आणि उरलेली तिने स्वतः तयार केली होती. पिशवी बाकड्यावर आपटून ती थेट प्रतिक्षासमोर उभी राहिली.

“तीन महिने न्हाय झालं घरात येऊन, आन् माझ्या बापाला मुळ्या पाजती? कुणी सांगितलं तुला शानपन? डॉक्टर हायस का तू?”

प्रतिक्षाने मान खाली घातली. आत्याबाईंचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते घेतलं नाही.

“मोजून दिली व्हती,” एवढंच ती म्हणाली. “सातच वेढे.”

“सात का सतरा, कुणी बघितलंय? अगं, तुझा हात घसरला आन् माझा बाप…”

“मोना,” अजित म्हणाला.

“तू मधी बोलू नगस दादा. तुला तर कायच ठावं नसतंय घरातलं.”

फुलाबाई ऐकत होती. आता आपण बोलायला हवं, हे तिला कळत होतं. पण बोललं की पंचेचाळीस वर्षं ज्या घरात मानाने भाकरी खाल्ली, त्या घरात आपण भावाच्या जिवावर उठलेली बाई होणार, हेही कळत होतं. तिने काहीतरी हाताला हवं म्हणून पिशवी जवळ ओढली आणि आत हात घातला. डबी लागली. मग दगड लागला.

तिचा हात तिथेच थांबला.

तिने दगड बाहेर काढून मांडीवर घेतला आणि त्यावरून तळवा फिरवला. एकदा, दोनदा. “ही कुणाची सहाण?”

“आपलीच की,” प्रतिक्षा म्हणाली. “रोज हिच्यावरच उगाळते.”

“ही माझी न्हवं. हिला टाकी मारलीया. हाताला लागती बग, चरचरती. माझी कुठं हाय?”

आता अनिताचा चेहरा उतरला. “लग्नात नवा ओटा केला तवा मीच नवी आणली, आत्याबाई. मोरगावातनं, देवळापाशी इकायला व्हत्या. तुमची पार झिजली व्हती. तिच्यावर काय उगाळतच नव्हतं.”

“मंग ती कुठं टाकलीस?”

“टाकली न्हाय. मागच्या दाराला लावलीया. वाऱ्यानं दार आपटायचं, म्हून.”

अजितला हसू फुटलं. ते वेळेचं नव्हतं, आणि त्यालाही ते माहीत होतं, पण सकाळपासून छातीत दाबून धरलेलं काहीतरी त्या वाटेने बाहेर पडलं. मोनाने त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं.

“पाणी दे,” फुलाबाई म्हणाली. प्रतिक्षाने बाटलीतलं चार थेंब पाणी दगडावर घातलं. फुलाबाईने मुळी धरली आणि कापऱ्या हाताने एक वेढा दिला. एकच. मग बोट लावून पाहिलं, आणि तेच बोट डॉक्टरीणबाईंच्या पुढे केलं.

“बाई, तुमचे डोळे चांगले हायती. बगा, दाट आलं का?”

“चंदन उगाळल्यासारखं आलंय.”

“माझ्या सहाणंवर सात वेढं दिलं तरी पाणी निस्तं गढूळ व्हायचं.” फुलाबाईने दगड बाजूला ठेवला. “आन् माझा हात म्हातारा. हिचा हात तरणा.”

“मी दाबून उगाळायची,” प्रतिक्षा रडत म्हणाली. “मला वाटायचं, जेवढी दाट तेवढा गुण.”

“मोना, हिकडं ये,” फुलाबाई म्हणाली. “त्या पोरीला काय बोलू नगस. तिनं सातच वेढं दिलं. मुळी माझी, आण माझी, माप माझं. मी हिला वेढं शिकवलं, दगड शिकवला न्हाय. मगाशी ही बोलाया उठली तवा मी तिचा हात धरून बसले व्हते. हिनं माझं ऐकलं असतं, तर तुझा बाप आता पुण्याच्या वाटंवर असता, छाती फाडून घ्यायला. ज्याला जे बोलायचं ते मला बोला.”

म्हातारी ताठ बसून वाट पाहू लागली. ती कशाची वाट पाहत होती, ते सगळ्यांना कळत होतं. मोनाला मात्र वेगळंच आठवलं. लहानपणी गोवर निघाला तेव्हा याच आत्याने तिला सात दिवस मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

“दगड मी आणला,” अनिता हळूच म्हणाली. “तसं बगितलं तर…”

“आन् डॉक्टरनी इचारलं तर मी छाती ठोकून न्हाय म्हनलं,” अजित म्हणाला. “आता कुणाकुणाला बोलायचं? आत्या, तू आधी च्या घे. सकाळपासनं पोटात काय न्हाय तुझ्या.”

फुलाबाईने पदर डोळ्यांना लावला. चांगल्या आणि वाईट, दोन्ही डोळ्यांना. मोना चहा आणायला गेली, आणि जाताना प्रतिक्षाच्या खांद्याला हात लावून म्हणाली, “तू बी चल. मला काय एकटीला इतकं कप धरता येत न्हायत.” माफी मागायची मोनाची तीच रीत होती, आणि ती कमी नव्हती.

बारा वाजता नाडी चव्वेचाळीस झाली. दर तासाला कुणीतरी आत जाऊन त्या पडद्यावरचा आकडा पाहून यायचं आणि बाहेरच्यांना सांगायचं. मग बाहेरच्यांचा विश्वास बसायचा नाही म्हणून दुसरं कुणीतरी जायचं. शेवटी नर्सने सगळ्यांना दारातून हाकललं. तीन वाजता अठ्ठेचाळीस. पाच वाजता त्रेपन्न, आणि रक्तदाब एकशे चार. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुण्याला फोन केला, हसत हसत आल्या आणि दारातल्या ॲम्ब्युलन्सवाल्याला म्हणाल्या, “जा बाबा तू.”

अजितला उभ्या उभ्या रडू आलं. त्याने ते लपवलं नाही. अनिताने त्याचा दंड धरला. प्रतिक्षा बाजूला जाऊन विशालला फोनवर सांगत होती, “आवो, बरं हायती आबा. बरं हायती. हळू या गाडी घिऊन.” हे ती चार वेळा म्हणाली.

“सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा,” मोना म्हणाली.

“सुंठ बी आता माझ्याकडं मागू नगा,” फुलाबाई म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळे मिळून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उशीला टेकून बसले होते. नाडी साठ. बशीतून चहा पिण्याचा हट्ट त्यांनी धरला होता, आणि नर्सने कुठून तरी बशी आणून दिली होती. अजित स्टूल ओढून समोर बसला. पंधरा दिवसांत तो बापाच्या समोर असा बसला नव्हता.

“आबा, एक इचारू?”

“इचार की.”

“दोन महिने तुमी धड बोलला न्हाय माझ्याशी. मला वाटलं, मेंढरं इकली, वाडगं मोडलं, त्याचा राग हाय तुमाला.”

आबांनी बशी खाली ठेवली. “राग? मला वाटलं, तूच माझ्यावर कावलायस. समोर यीनास झाला व्हतास.”

“मग तुमी गप का?”

“काय सांगू रं. कायच गोड लागंना. सकाळी उठलं की वाटायचं, कशाला उठलो. कालव्याच्या कडंनं जाताना तर…” ते थांबले. “मला वाटलं, म्हातारपण आसंच येतं. माझा बाप बी शेवटाला गप झाला व्हता. मी म्हनलं, आली आपली पाळी.”

कालव्याच्या कडेने काय वाटायचं, हे अजितने विचारलं नाही. विचारायचा धीरच झाला नाही. त्याने नुसता बापाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

“ते मुळीनं, आबा. बाई म्हनल्या, समदं मुळीनं व्हतं.”

“मुळीनं?” आबा विचारात पडले. “फुलीच्या?”

“फुलाआत्याच्या मुळीनं, अनिताच्या दगडानं, प्रतिक्षाच्या हातानं आन् माझ्या गोळीनं.”

“लई झालं की मग,” आबा म्हणाले. “एका म्हाताऱ्याला निजवायला सगळं घर लागलं.”

अजित हसला. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्याला झालं होतं. बाप रागावला नव्हता. बाप खचला नव्हता. मुळी होती. त्याला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

“म्हंजी मेंढरांचं कायच न्हवतं ना?”

आबांनी बशी उचलली. “च्या गार झाला बग,” ते म्हणाले.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी अजितला बाजूला घेऊन सांगितलं, की मुळीचा अंमल एकदम उतरत नाही, काही आठवडे लक्ष ठेवायचं. उदास वाटले, गप्प झाले, रडले, तर लगेच फोन करायचा. नव्या गोळीचं नाव त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि खाली लिहिलं: याशिवाय काहीही देण्याआधी मला विचारणे. उरलेली मुळी त्यांनीच ठेवून घेतली. नवी सहाण प्रतिक्षाच्या मांडीवर पिशवीत होती. “हळकुंडाला चांगली हाय ती,” फुलाबाईने आधीच निकाल दिला होता. जुनी मात्र दाराजवळून उचलून धुऊन ठेवायची होती, कशालाही न वापरण्यासाठी.

आबा पुढे अजितशेजारी बसले, फुलाबाई आणि दोघी सुना मागे. बारामती मागे पडली. चैत्राचं ऊन, दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखादी डाळिंबाची बाग. अजित रस्त्यापेक्षा बापाकडे जास्त पाहत होता. आबांनी सुस्कारा टाकला की तो विचारी, “काय व्हतंय?” आणि आबा म्हणत, “कायतरी व्हायलाच पायजे का?”

वस्ती चार-पाच किलोमीटरवर राहिली असताना गाडी थांबवावी लागली. रस्ताभर मेंढरं होती. कोकणातून वर आलेलं कुणाचं तरी खांड, शे-दीडशे तरी असेल. पुढे दोन घोडी, पाठीवर बिऱ्हाड लादलेलं. एका बोचक्यावर कोंबडी पाय बांधून बसवलेली. मागून लाल फेटा, खांद्यावर आडवी काठी. धूळ काचेवर येऊन बसली.

अजितने हॉर्नकडे हात नेला. “थांब,” आबा म्हणाले. “जाऊ दी त्यांना. पाय दमल्यात.”

आबांनी काच खाली केली. लोकरीचा वास आत आला. मेंढरं गाडीला घासून जात होती, एकेक, दोन-दोन. त्यांतलं एक खोकलं. आबांनी हात बाहेर काढला आणि एका मेंढीच्या पाठीवर ठेवला. ती तशीच पुढे गेली, आणि तो हात दुसरीच्या पाठीवर आला.

अजितने वळून पाहिलं तर आबांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

“आबा!” त्याने घाईघाईने खिशातला फोन काढला. “थांबा, बाईंना लावतो. त्या म्हनल्याच व्हत्या, मुळीचा अंमल अजून…”

आबांनी दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं. धरलेला हात घट्ट होता आणि उबदार होता.

“ठेव तो फोन,” ते म्हणाले. “हे मुळीचं न्हाय. हे माझं हाय.”

अजितने फोन ठेवला. मग गाडीही बंद केली. मेंढरं संपेपर्यंत आबांचा हात खिडकीबाहेरच होता.